डाव्या दारावरचा पोचा

मंठ्याहून जालन्याकडे निघालं की गाव संपतं तिथे एका मोठ्या लिंबाखाली सोमेश्वरचं पत्र्याचं शेड आहे. गाडी कितीही ठोकलेली, गंजलेली असो, त्याच्या हाताखालून गेली की मालकालाही ती चटकन ओळखू येत नाही, असं त्याचं नाव. या नावाची सोमेश्वरला जरा घमेंडही होती. ती कशी उतरली, तेच सांगायचं आहे.

दिवाळी होऊन गेली होती. जवळच्या वाडीवरचे रामकिसनकाका एका सकाळी आपली जुनी पिकअप ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. त्यांच्या तरुणपणची गाडी, कैक वर्षं गोठ्यामागे उभी. इंजिन अजून शाबूत होतं, पण दारांची पार चाळण झालेली. खालचा पत्रा इतका कुजलेला की दार बंद केलं तरी आतून रस्ता दिसावा. काकांना ती एकदा स्वतः चालवत नदीवरच्या पुलापर्यंत न्यायची होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही. टाकी केव्हाची कोरडी आहे, एवढं मात्र सांगितलं. मग डाव्या दाराच्या खिडकीखाली तळव्याएवढा एक पोचा होता, त्यावर हात ठेवून ते उभे राहिले.

"समदं बदल, सोमेश्वर. पण ह्यो पोचा राहू दे."

"काका, दार नव्यावानी करायचं अन् पोचा ठिवायचा? लोक हसतील मला."

"हसू दे. त्यो भुजंगचा हाय."

भुजंग कोण, हे विचारायच्या आत काका ट्रॅक्टरवर चढले होते.

सोमेश्वरने दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवली, कुजका भाग कापून काढला, नवा पत्रा जोडला. काम झकास झालं. राहता राहिला तो पोचा. आता ज्याचे हात जन्मभर पोचे काढत आले, त्याच्यासमोर पोचा ठेवायचा आणि हात लावू नको म्हणायचं! मांजरासमोर दूध ठेवण्यातलाच प्रकार. त्याने आतून लोखंडाचा ठोकळा धरला, बाहेरून हलक्या हातोडीने ठोकलं, आणि चहा गार व्हायच्या आत पत्रा सपाट. काकांना कळणारही नाही, असं मनाशी म्हणत त्याने संध्याकाळी शेडला कुलूप लावलं.

सकाळी पोचा परत होता.

जुना पत्रा कधीकधी ओढ खाऊन मूळ आकारात परत जातो, हे सोमेश्वरला ठाऊक होतं. त्याने पत्रा तापवला, ठोकला, ओल्या फडक्याने गार केला. हात फिरवून पाहिला, कुठे लहरसुद्धा नाही. मग तो शेजारच्या टपरीवर चहाला गेला. परत आला तेव्हा पोचा जागच्या जागी होता. या खेपेला मात्र तो जरा खोल वाटत होता, आणि त्याच्या वरच्या कडेला बोटांसारखे चार उंचवटे दिसत होते. सोमेश्वरने आपला हात त्याच्याजवळ नेला. टेकवायचा धीर काही झाला नाही. त्याने हातोडी पेटीत टाकली आणि पोच्याची गोष्ट कुणाकडे काढली नाही, बायकोकडे, सुरेखाकडेही नाही.

दुसऱ्या दिवशी दारं परत बसवली. आता डाव्या बाजूच्या पायदानाला आणि दाराच्या खांबाला टाके मारले की वेल्डिंग संपत होतं. दुपारी घरी जेवून तो परत आला. वाऱ्याचं नाव नव्हतं, लिंबाचं पान हलत नव्हतं, रस्त्यावरही सामसूम. अर्धवट उघड्या डाव्या दाराशी तो उकिडवा बसला, तोंडावर मुखवटा ओढला आणि वेल्डिंगची कांडी पायदानाजवळ नेली.

थप्प.

दारावर, अगदी कानाजवळ, कुणीतरी हात आपटला.

ट्रक-टेम्पोंच्या जगात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. क्लीनरने गाडीवर एकदा हात मारला की थांब, दोनदा मारला की चल. डोक्याच्या आधी सोमेश्वरचा हात थांबला. त्याने मुखवटा वर केला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"कोण हाय?"

 त्याने मुखवटा पुन्हा खाली ओढला, कांडी पुन्हा पुढे नेली...

थप्प! दार हादरलं, बिजागरी किरकिरली. अंगावर एक गार झुळूक आली. नदीच्या गढूळ पाण्याचा वास आला, कार्तिकातल्या कोरड्या दुपारी. आणि त्या वासाखाली दुसरा एक वास. रंग-थिनर हुंगून मुर्दाड झालेल्या त्याच्या नाकाला तो आत्ता कुठे लागला. त्याने पायदानावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. नाकाशी नेलं, तर पेट्रोल.

सोमेश्वरने कांडी सोडली, बटण बंद केलं आणि तो रस्त्यापलीकडे जाऊन मटकन खाली बसला. 

झालं होतं ते असं. तो जेवायला गेला असताना काकांचा मुलगा कल्याण येऊन गेला होता. इंजिन चालू होतंय का बघायला त्याने सीटखालच्या टाकीत पेट्रोल ओतलं. इंजिन काही बोललं नाही. तो निघून गेला आणि कुणाला सांगायचंही त्याला सुचलं नाही. टाकीचा तळ गंजून पाझरत होता. एक ठिणगी पडली असती, तर सुरेखाला नवऱ्याचं तोंडही बघायला मिळालं नसतं.

फोन गेल्यावर काका धावत आले. मुलाला काय बोलायचं ते बोलले, आणि मग सोमेश्वरने पोच्याचं सगळं सांगितलं. सपाट केला होता, तेही सांगितलं. काकांनी डाव्या पायदानावर हात ठेवला.

"भुजंग माझा क्लीनर व्हता. ह्याच पायदानावर उभा ऱ्हायचा," ते म्हणाले. "मोसंबी तोडणाऱ्या बायका गाडीत घेऊन येत व्हतो. नदीला पाणी आल्तं. पुलावर त्यानं एकदा हात मारला, पत्रा दबला असा, अन् मी बिरेक लावला. म्होरं पूलच न्हवता. बघाया म्हून त्यो खाली उतरला... मंग घावलाच न्हाई."

सोमेश्वर उठला. दाराजवळ जाऊन त्याने आपला तळवा त्या पोच्यावर ठेवला. पत्रा गार होता. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. "भुजंगदादा, उपकार झाले," एवढंच तो म्हणाला.

नवी टाकी बसली. साऱ्या गाडीला निळा रंग लागला. पोच्यावरही तोच रंग त्याने ब्रशने, हळुवार हाताने लावला. गाडी न्यायच्या दिवशी सुरेखाने नारळ वाढवला आणि एक कप चहा डाव्या पायदानावर ठेवला. काका स्टिअरिंगवर बसले, इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. समोर बघत ते थांबून राहिले. पायदानापाशी कुणीच नव्हतं, तरी दारावर दोनदा हात पडला. काका हसले आणि गाडी नदीच्या वाटेला लागली. सुरेखा त्याच आनंदात स्वयंपाकाला म्हणून घरी गेली. आज नवऱ्यासाठी पुरणपोळी होती.

दिवस मावळायला आला तसं सोमेश्वरने शेड बंद केलं. मन भरून आलं होतं. मोटारसायकल सुरू करून त्याने गिअर टाकला.

थप्प.

त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे, टाकीच्या पत्र्यावर. त्याने खाली पाहिलं. सकाळी पुसून लख्ख केलेल्या टाकीवर तळव्याएवढा पोचा होता, आणि त्यातून गढूळ पाण्याचा एक ओघळ खाली येत होता.

त्याने गाडी बंद केली. समोर घराकडचा रस्ता सरळ पडला होता, रिकामा, रोजच्यासारखा; भुजंगने कशासाठी थांबवलं, ते काही दिसेना. खिशातला फोन वाजला. पोळ्या गार होऊन राह्यल्यात, कुठं आहात, असं सुरेखा विचारत होती.

"येतो," सोमेश्वर हलक्या आवाजात म्हणाला. "जरा थांबाया सांगितलंय..."

"कुणी?"

त्याने फोन खिशात टाकला. टाकीवर हात ठेवून, पुढच्या दोन थापांची वाट बघत तो तसाच थांबून राहिला. अंधार पडला, तरी त्या पडल्या नाहीत.