सतरा नंबरची टेप

ही गोष्ट खरी आहे. मी विज्ञान शिकले आहे, पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. म्हणून वेळ सांगते. गेल्या वर्षीची अठ्ठावीस मे, दुपारी सव्वादोन. अकोल्यातली माती-हवामानाची एक प्रयोगशाळा. तिचं नाव सांगणार नाही.

पण सुरुवात अठरा वर्षं आधीची आहे.

देवमनराव आमचे टेप ऑपरेटर. आमच्या अंगणातल्या हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदी ते जुन्या युनिक्स मशीनवरून टेपवर उतरवायचे. टेप ड्राइव्हमध्ये घातली की झाकणावर बोटाने वाजवायचे.

टक टक.

टेप भरली की तिच्या कडेची इवलीशी पट्टी सरकवून बंद करायचे. मग ती पुसता येत नसे.

"मॅडम, ह्या पट्टीले हात नोका लावू. तुमच्या विंडोजले माह्या टेपा समजत नाईत. तो इचारते, तयार करू का? तयार करू म्हनजे पुसू. तुमी नाई म्हना."

ते रजेवर होते. मला घाई होती. सतरा नंबरची टेप मी विंडोजला लावली.

'अनोळखी टेप. तयार करू का?'

मी 'हो' दाबलं. टेप बंद असल्याचं उत्तर आलं.

मी पेनच्या टोकाने पट्टी सरकवली. पुन्हा 'हो' दाबलं.

बारा वर्षांच्या नोंदी गेल्या.

मी गप्प राहिले. ठपका देवमनरावांवर आला, त्यांना काढलं. जाताना ते फक्त माझ्या पेनाकडे बघत राहिले…

दोन वर्षांनी ते वारले.

गेल्या मेमध्ये जुन्या टेपा वाचायला अमरावतीहून हर्षा आली. इंजिनीअर, तोंडाने फटकळ. तिच्या कामाच्या अहवालावर सही माझी असणार होती.

सतरा नंबर तिने विंडोजला लावली. कोरी.

मग लिनक्सला लावली, ते जुन्या युनिक्सच्याच घराण्यातलं.

कूलर बंद पडला. पंखाही. वीज मात्र होती…

टक टक.

"तुमी वाजवलं का, मॅडम?"

माझे हात मांडीवर होते.

"घ्या! विंडोज म्हनते कोरी, लिनक्स म्हनते भरलेली. सासू-सुनेचंच भांडन हे," हर्षा हसली. मग तिचं हसू थांबलं. "मॅडम… ह्या नोंदी आजपर्यंतच्या हायेत. आज दुपारी दोनची बी हाय. शेहेचाळीस पूर्णांक तीन."

मी अंगणात जाऊन तापमापक पाहिला. शेहेचाळीस पूर्णांक तीन.

परत आले तेव्हा हर्षा स्क्रीनपासून लांब उभी होती.

"शेऱ्यात रोज एकच ओळ हाय. 'पट्टी कोनं सरकवली?' कोनती पट्टी, मॅडम?"

तेव्हा एका वाक्यात देवमनराव निर्दोष ठरले असते.

"माहीत नाही," मी म्हणाले. टेप बाहेर काढली.

पट्टी बंद होती. अठरा वर्षांपूर्वी ती मी उघडीच ठेवली होती.

हर्षा संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. परत फोन उचलला नाही. अहवालात मी लिहिलं, 'टेप कोरी. ऑपरेटरची चूक.' खाली सही केली, 'सीमा'.

आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे. घरच्या लॅपटॉपवर. याला टेप ड्राइव्ह नाही.

तरी आत्ताच स्क्रीनवर एक चौकट आली.

'सीमा. अनोळखी. तयार करू का?'

मी 'नाही' दाबते आहे.

दाबलं जात नाही…