पेटीमागं सात रुपये जास्त

उज्वला त्या दिवशी भांडायलाच निघाली होती. कुणाशी, तेवढं ठरायचं होतं.

आडगाव नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ती शिरली, तर म्हाताऱ्या मालकाच्या खुर्चीत एक हसरा, उंच पोरगा. मालकाचा पुतण्या, ज्ञानेश. बिचाऱ्याचा अजून चहासुद्धा झाला नव्हता.

"दिल्लीची साधी गाडी पेटीला आठ रुपये, थंड गाडी पंधरा!" ती उभ्याउभ्याच कडाडली. "सात रुपये कशाचे? नुसत्या गार हवेचे?"

"बसा तरी..."

"बसायचं भाडं वेगळं का?"

तो हसला. चुकलंच त्याचं. मग तिनं सगळंच ऐकवलं. मागच्या महिन्यात साध्या गाडीनं गेलेली तिची द्राक्षं दिल्लीत उतरली ती मणी गळून, देठ वाळून. वडील, भिमाजी तात्या, ओझरच्या मळ्यात संतापून म्हणाले होते, "उजे, माल पाठवायचं तुझ्यावर सोडलं, लय झालं. अजून एक गाडी तोट्यात गेली, की उरलेली बाग बांधावरच व्यापाऱ्याला देतो." म्हणजे वर्षभर तिनं जपलेली बाग व्यापारी म्हणेल त्या भावात जाणार!

"मग थंड गाडी घ्या ना," ज्ञानेश म्हणाला. "देठ हिरवे राहतात, भाव चढा मिळतो. सात रुपये वसूल."

"आणि तुमचा ड्रायव्हर डिझेल वाचवायला मशीन बंद करतो, त्याचं काय? पंधरा मोजून माझी द्राक्षं बंद पेटाऱ्यात उकडायची? साध्या गाडीत निदान वारा तरी लागतो!"

ज्ञानेशनं नजर टेबलावर वळवली. कारण ते खरं होतं.

शेवटी तिनंच ठरवलं. एकाच सकाळी तोडलेला माल... निम्मा साध्या गाडीत, निम्मा थंड. कुठली परवडते ते कळूनच जाऊ दे. "पण गाड्या नेहमीच्या, ड्रायव्हर नेहमीचे. मधे हातचलाखी नको. शब्द द्या."

"दिला," तो म्हणाला. आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"काय बघताय? माझ्या तोंडावर भाव लिहिलाय?"

"लिहिलाय... पण मला झेपेल असं वाटत नाही."

दार आपटून ती निघाली. गाल तापले होते. तिनं उन्हालाच शिव्या घातल्या.

माल गेल्यावर तीन दिवसांनी दिल्लीहून फोन आला. साध्या गाडीचा माल जेमतेम. थंड गाडीचा मात्र कालच तोडल्यासारखा, पेटीमागं वीस रुपये जास्त! भिमाजी खूश. सगळी बाग आता थंड गाडीनंच जायची.

आणि मग थंड गाडीचा ड्रायव्हर सहादू बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही घ्यायला मळ्यावर आला.

"ताई, ज्ञानेशशेठला पुन्हा संगं धाडू नका. पार दिल्लीपर्यंत माझ्या केबिनमधे! मशीनकडं हात गेला की हात धरायचे. ढाब्यावर जेवलेसुद्धा नाय, मशीनपाशीच उभे."

उज्वलाच्या मस्तकात तिडीक गेली. ती थेट आडगाव नाक्यावर. ज्ञानेश टेबलामागं होता, डोळे लालभडक, घसा बसलेला.

"खोटारड्या!" 'तुम्ही' वाटेतच कुठंतरी सांडलं होतं. "शब्द दिला होतास!"

"द्राक्षं चांगली पोचली ना?"

"म्हणूनच! आता मला काय कळलं? थंड गाडी परवडते, की तू बसलेली थंड गाडी परवडते? सगळी बाग कुणाच्या भरवशावर भरू? दर खेपेला जाणारेस?"

"जाईन."

"का?"

त्यानं पेन उघडलं, मिटलं. "माल खराब झाला असता तर बाग बांधावर गेली असती. आणि तू... तू पुन्हा भांडायला आली नसतीस."

उज्वलाला हसू फुटत होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

"उद्या एकच गाडी भरते. थंडच. सहादू एकटा नेईल. आणि तू माझ्यासमोर बसायचंस! दिल्लीचा फोन येईपर्यंत नजरेआड झालास तर बघ."

"तीन दिवस लागतात, उज्वला."

"लागू देत."

"आणि... सीझनभर नजर ठेवावी लागली तर?"

"तर घरी येऊन तात्यांशी बोल!" ती लालबुंद होऊन ओरडली. "रोजरोज ओझरहून इथवर यायला मला परवडत नाही!"