बोट आली नाही त्या दिवशी

धुक्यामुळे बोट खोळंबली होती. टॅम्सिन औषधांचा खोका घ्यायला धक्क्यावर आली, तोच प्रतीक्षागृहातून एक अनोळखी तरुण धावत आला.

“डॉक्टर तुम्हीच ना? आत डॉर्कस म्हणून बाई आहेत... कळा सुरू झाल्यात.”

टॅम्सिन त्याच्यामागे आत धावली. बेटावरची ती एकुलती एक फॅमिली डॉक्टर. पडसं, मोडलेले हात, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं बघायची. बाळंतपण मात्र नाही म्हणजे नाही. शिकत असताना एका बाळाचा खांदा अडकला होता आणि ते तिच्याच हातात गेलं होतं. म्हणून ती आल्यापासून इथल्या बायकांना दिवस भरायच्या तीन आठवडे आधी समुद्रापलीकडच्या शहरात जाऊन राहावं लागे.

“नवरा मासेमारीहून यायचा होता गं पोरी, म्हणून थांबले,” डॉर्कस बाकावर कण्हत म्हणाली. “रागावू नकोस, टॅम्सिन.”

“मी लॅम्बर्ट,” तरुण म्हणाला. “शेजारच्या बेटावर बदली डॉक्टर होतो. मुदत संपली, इथून बोट बदलून घरी निघालोय. बाळंतपणं करतो मी, पण... हे बघा.”

त्याचे हात चक्क थरथरत होते.

“धीर द्यायची ही कुठली पद्धत?”

“खोटं बोललो असतो, तर आवडलो असतो?”

“आवडायचा प्रश्न आलाच कुठे?” ती फणकारली. गाल मात्र तापले.

तासाभराने बाळाचं डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. पुन्हा खांदा. टॅम्सिनला काही ऐकू येईना.

“टॅम्सिन, इकडे बघ. तुझा हात लहान आहे. बाळाचा मागचा हात काढ, मी ओटीपोटावर दाबतो. मी आहे.”

तिने हात घातला. इवलीशी बोटं लागली... सुटली... पुन्हा लागली. बाळ बाहेर आलं, निळंशार, गप्प. टॅम्सिन त्याची पाठ चोळत राहिली आणि मनात कुणाकुणाच्या पाया पडत राहिली.

मग ते रडलं. तीही रडली.

धुकं विरलं, बोट धक्क्याला लागली. लॅम्बर्टने बॅग उचलली.

“पुढच्या बाईला पाठवणार पलीकडे?”

“नाही... पण एकटीला नाही जमायचं. फार भीती वाटते मला.”

“मला तर दर वेळी वाटते.”

“मग—” ती अडखळली, “ती भीती इथेच राहून वाटू दे ना.”

निघायचा भोंगा वाजला. लॅम्बर्टने बॅग बाकाखाली सरकवली.