मुठीतले एकवीस किलो

सिलेक्टर साहेब, तुम्ही माझा हात बघितलाच नाहीत. कागद बघितलात. कागदावर ‘उजव्या हाताची पकड एकवीस किलो’ असं होतं, तुम्ही रेघ मारलीत आणि दिल्लीच्या बेसबॉल टीममधून मी, अलकनंदा, गेले. एकदा मैदानावर बोलावून तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर बॉल फेकायला लावला असतात, तर दोन मिनिटांत कळलं असतं की आकडा खोटा आहे. आळशी आहात तुम्ही. आता तो खोटा का होता, ते ऐका. त्यात दोष माझा आहे आणि मी तो लपवत नाही.

दिवाळीनंतरच्या मॅचमध्ये घसरत बेस गाठताना हातावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, तेव्हा आतून जो हात आला तो माझा वाटेना. बारीक, पिवळट, चहाचा कप उचलतानाही थरथरणारा. सरोजिनी नगरहून मेट्रोनं नोएडाला फिजिओथेरपीसाठी गेले. बाहेर धुकं. आत एक उंच पोरगा माझा फॉर्म हातात घेऊन उभा.

“मॅडम, यहाँ नाम लिखना था. आपने कॉलनी लिख दी.”

“नाम ही है.”

“अलकनंदा?” दिल्लीत या नावाची एक कॉलनी आहे.

“मेरा ही है. कॉलनी ने मुझसे लिया है.”

तो हसला. मग त्यानं माझं मनगट मागे वाकवलं आणि मी किंचाळले, “आई गं!”

त्याचा हात थांबला. “मराठी? आधी सांगायचं ना, यार! उगाच हिंदीत दुखवत बसलो.”

हा जयंत. मयूर विहारला राहणारा, माझ्यासारखाच दिल्लीत वाढलेला. आधी तो माझा हात गरम मेणात बुडवायचा. मेण थिजलं की एकेका बोटावरून हळूच सोलून काढायचा... आणि मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करायचे. मग तांदळाची बादली. त्यात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची.

“आई विचारते, या तांदळाचा नंतर भात करायचा का?”

“करा की. मला बोलवा.”

शेवटी पकड मोजायचं यंत्र आवळायचं. पहिल्या आठवड्यात चौदा. मग सतरा. मग एकवीस.

“सत्तावीस झाले की तुमची सुट्टी,” तो म्हणाला. “मग तुम्ही तुमच्या बेसवर, मी इथं.”

सुट्टी! त्या दिवसापासून मी यंत्र हळू आवळायला लागले.

घरी ओला टॉवेल पिळून कोरडा करत होते, पार्कात भिंतीवर बॉल आदळत होते. क्लिनिकमध्ये मात्र एकवीस. पुन्हा एकवीस. दर आठवड्याचा आकडा तुमच्याकडे जात होता, हे मला ठाऊक होतं. तरीही. परतताना मेट्रो यमुना ओलांडायची आणि मी उजवा हात डाव्या हातात धरून बसायचे. दुखत नव्हता तो. जयंतचा स्पर्श तिथं होता, म्हणून.

शुक्रवारी तुमची यादी लागली. शनिवारी जयंत माझ्याकडे न बघता म्हणाला, “पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला विजयालक्ष्मी मॅडम बघतील.”

“का?”

“माझंच काहीतरी चुकतंय. तुमचं सिलेक्शन माझ्यामुळे गेलं. जेवण जात नाही मला.”

मी यंत्र उचललं आणि आवळलं. काटा एकोणतीसवर.

तो बघत राहिला. “पुन्हा.”

तीस.

“कधीपासून चाललंय हे?”

“तीन आठवडे.”

“वेडी आहेस तू?” पहिल्यांदाच एकेरीत आला. “तुझी टीम गेली, नंदा! कशासाठी?”

“सत्तावीस झाले की सुट्टी, असं कोण म्हणालं होतं?”

तो यंत्राशी चाळा करत, अगदी हळू बोलला, “पेशंटशी मला... तसलं काही बोलता येत नाही. नियम आहे, आणि बरोबरच आहे तो. म्हणून तर मी तुला लवकर बरी करायला बघत होतो. आणि तू —”

मला हसू आलं आणि रडूही. ज्याच्यासाठी मी सत्तावीसच्या अलीकडे अडून बसले, तो पलीकडे माझी वाट बघत उभा होता. अख्खा सीझन घालवला मी!

फाइल ओढली, पेन त्याच्या हातात कोंबलं. “लिहा. फिट.”

त्यानं लिहिलं. सही केली. तारीख विसरला, ती मी टाकायला लावली.

“झालं. आता मी तुमची पेशंट नाही. टीम मी पुढच्या वर्षी मिळवीन, त्याची काळजी तुम्ही करू नका. पण इतके दिवस जे बोलता येत नव्हतं, ते काय होतं? खाली बघू नका, जयंत. माझ्याकडे बघा. मला उत्तर हवंय — आत्ता!”