रिकामा ब्रेक

वीज गेली तसा म्हातारा वायरमन पुतण्यांना म्हणाला, "राहू दे, मेणबत्ती नको. ही गोष्ट मला उजेडात सांगता येत नाही. जिच्यावर गुजरली ती माझी मानलेली बहीण."

रविवार होता. रात्रीचे सव्वाअकरा. जुन्या गाडीचे कागद काढायला ती दिराच्या गाडीदुरुस्तीच्या गॅरेजात गेली. सकाळी ती गाडी भंगारात जाणार होती.

दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या. जुनी सासऱ्यांच्या काळातली. गोल दिवे, पुढे एकच लांब सीट, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. दुसरी पंचवीस वर्षांनी धाकटी, दिराची. गियर खाली, बटण दाबलं की काच उतरायची, दार मात्र बिस्किटाच्या डब्याचं. तिच्या नवऱ्याने बारा वर्षं दोन्ही चालवल्या. दोन महिन्यांपूर्वी धाकटी घेऊन उतारावर निघाला आणि भिंतीवर आदळून गेला. गाडी दिराने ठोकून नवीकोरी केली. माणूस कोण करून देणार?

वर दिराने गल्लीभर सांगितलं, "दादाचा हात सवयीने वर गेला. खालचा गियर वर शोधत बसला. त्या जुन्या डबड्यानेच मारलं त्याला."

ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षांत ज्याचा हात एकदा चुकला नाही, त्याला मेल्यावर अडाणी ठरवतो? आणि डबडं कुणाला म्हणतो?

तिने कागद घेतले. दार लावलं. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून आवाज आला.

धप्... धप्... धप्...

तिने बॅटरी मारली. सीट रिकामी. ब्रेकचं पेडल तळाला जात होतं. वर येत होतं. पुन्हा तळाला. गियर जागचा हललाही नाही.

ती घाबरली नाही. भडकली. दिराला फोन लावून बोलावून घेतलं.

"वहिनी, ही काय वेळ आहे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. तू आत बस."

"उगाच नाटकं..."

"बस म्हटलं ना. तुझी गाडी, तुझंच काम. भितोस कशाला?"

तो बसला. चारही दारांची कुलपं लागली. एकदम. त्याने ब्रेकवर उजवा पाय ठेवला. पाय तळाला गेला. अपघातानंतर ब्रेकचा पाइप तर नवा टाकला होता. तरी तळाला. पाय उचलेना. त्यावर दुसरं वजन होतं.

धप्.

काच दोन बोटं खाली आली. त्याचा हात बटणावर नव्हता.

"बोल," ती म्हणाली.

त्याने दाराचा खटका ओढून पाहिला.

"बोल, मेल्या."

"पाइप... जुनाच होता. फुगलेला. दादाला म्हटलं, बदललाय. वेळ नव्हता वहिनी, खरंच वेळ..."

"उद्या गल्लीत उभं राहून हेच सांगायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्याने मान हलवली. कुलपं उघडली.

म्हाताऱ्याने अंधारात चाचपून तांब्या उचलला, घोटभर पाणी प्यायला.

"सांगितलं का त्याने?" पुतणीने विचारलं.

"सांगितलं. जुनी गाडीही वाचली. पण त्याच पहाटे दिराची बायको उठली, तर पलंगाशी फरशीवर पाऊल उमटलेलं. अनवाणी, ब्रेक ऑइलचं. बोटं दिराच्या उशीकडे. खोलीला आतून कडी..."

"आणि?"

"उजवं. तेवढं एकच."