घटकाभर धरलेला लगाम

लेक घोड्यावरून पडून बेशुद्ध होती, तेव्हा काकूंनी देवापुढे पदर पसरला होता. पोरीला उभी कर; मग ती जिथे जिथे घोडा पळवील तिथे मी राबेन, आणि शेवटचा घोडा घरी पोचेपर्यंत कुणाच्या कामाला नाही म्हणणार नाही. पोर उठली. नुसती उठली नाही, पुन्हा घोड्यावर बसली. मग काय, काकूंनीही कंबर कसली.

त्या दिवशी लांब पल्ल्याची घोडदौड होती आणि काकू मधल्या थांब्यावर होत्या. आलेल्या घोड्याला पाणी पाजायचं, मानेवर ओला स्पंज फिरवायचा, मग घोड्यांचा डॉक्टर छातीचे ठोके मोजायचा. ठोके उतरले तरच घोडा पुढे. तोवर स्वार पाय मोकळे करून येई आणि लगाम काकूंच्या हाती असे.

"काकू, तुमचा हात लागला की ठोके उतरतात," डॉक्टर म्हणाला. "सासूबाई यायच्यात आमच्याकडे. त्या दिवशी माझ्याशेजारी बसा."

"बसेन की. त्यांनाही स्पंज फिरवायचा का?"

दुपार कलली तसं धुकं उतरलं. समोरचा तंबू दिसेना. सगळे घोडे येऊन गेले होते, लेकीचीच घोडी यायची होती. काकूंचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात टापा वाजल्या.

लेक नव्हती. एक माणूस तपकिरी घोडा हाताने ओढत काकूंच्या पत्र्याच्या शेडशी आला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"काकू... घटकाभर धरता?"

नाही कसं म्हणणार? त्यांनी लगाम घेतला. माणूस आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. बोटं मिटून उघडून पाहिली.

"मीही घटकाभरच धरला होता," तो पुटपुटला आणि धुक्यात शिरला. पावलं वाजलीच नाहीत.

घोडा शेडमध्ये घुसून आडवा उभा राहिला. पत्र्याची भिंत आणि त्याचं पोट यांच्यामध्ये काकू अडकल्या. एवढ्या लांबून आलेलं जनावर, पण घामाचा थेंब नाही. वास येत होता तो वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीचा. त्यांनी पुढच्या पायामागे तळवा ठेवला.

ठोका नव्हता.

जागा बदलून पाहिली. नव्हताच. आणि तरी नाकपुड्यांतून गार श्वास त्यांच्या मानेवर येत होता. लगाम टाकून द्यावा म्हटलं, तर बोटं उघडेनात.

"डॉक्टर..." त्या कुजबुजल्या.

"काकू, कुणाशी बोलताय?" धुक्यातून डॉक्टर हसला. "आली बघा तुमची लेक!"

खरोखरच आली. घोडी डॉक्टरकडे सोपवून ती दारात उभी राहिली.

"आई, अशी भिंतीला चिकटून काय उभी आहेस? कुणी आहे का आत? आणि ती मूठ बघ, पांढरी पडलीय... काय धरलंयस? दे इकडे, मी धरते जरा."

तिने हात पुढे केला मात्र, घोड्याने कान टवकारले. काकूंच्या तळव्याखाली धपकन एक ठोका पडला. मग दुसरा. मूठ आपोआप सैल होऊ लागली. नुसता हात लांब केला असता, तर लगाम लेकीच्या हाती जाऊन काकू सुटल्या असत्या.

पण नवस होता, लेकीला नाही म्हणायचीही सोय नव्हती. शेवटचा घोडा अजून घरी कुठे पोचला होता?

"आधी पाणी पिऊन ये, राणी," त्या हळूच म्हणाल्या. "किती दमलीयस."

लेक वळली. ठोका थांबला. मूठ पुन्हा आवळली.

नंतर डॉक्टरने काकूंना धरून बाहेर आणलं. शेड रिकामं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. उजवी मूठ उघडलीच नाही; काकू डाव्या हाताने घर सांभाळतात. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. लेक अधूनमधून "आई, दे ना, मी धरते," म्हणाली, की काकू लगेच तिला काम लावतात. कपडे आत घे, खिडकी लाव. नाही मात्र म्हणत नाहीत. कधी संध्याकाळी उजवा खांदा ओढला जातो आणि त्या दोन पावलं दाराकडे जातात, जीभ टाळूला लावून चुचकारतात, परत येतात. तक्रार नाही. तोही घोडा पोचेल कधीतरी घरी, म्हणतात. पोर धडधाकट आहे, आणखी काय हवं?

फक्त हल्ली लेक गाढ झोपेतही हात पुढे करून असते. तळवा उघडा.

म्हणून, ऐकणाऱ्या बायांनो, तुम्हीही एवढं व्रत घ्या. कुणी थकलेली बाई उजवी मूठ आवळून तुमच्या दारी आली आणि "घटकाभर धरता?" म्हणाली, तर तिला नाही म्हणू नका.