भावाचा रकाना

२००४च्या ऑगस्टात आमच्या कंपनीला कुवेतच्या वाळवंटातल्या लष्करी तळावरच्या एसींचं काम मिळालं. आत जायला सुरक्षा पास लागायचा. सबाह अल-सालेमच्या आमच्या बॅचलर खोलीतल्या बाकी चौघांचे पास आले, माझा नाकारला. कारण छापलेलं होतं: सख्ख्या भावाची माहिती दडवली.

मला भाऊ नाही. मी एसी मेकॅनिक; गॅस गळाला की हवा गार होत नाही, एवढं सरळ माझं डोकं चालतं. कुणीतरी कागदांची अदलाबदल केली असणार. पण पास नाही तर व्हिसा रद्द, थेट मालवण. मी अपील केलं.

दस्मानजवळच्या पासांच्या ऑफिसात माझ्यासोबत रत्नागिरीचा अब्बास होता. तो कंपनीचा मंदूब, सरकारी कागदांची सगळी धावपळ त्याचीच. अधिकाऱ्याने फाइल आमच्याकडे फिरवली. भाऊ: एक. जन्मतारीख माझीच. कुवेतला आला माझ्याच विमानाने. पत्ता आमच्याच खोलीचा. खाली बोटांचे ठसे, माझ्याशी न जुळणारे. फक्त नावाचा रकाना कोरा.

संध्याकाळी टेलिफोन बूथमधून आईला विचारलं.

"जुळो भाव होतो तुका," ती म्हणाली. "बारशाआधीच गेलो. नाव ठेवूक नाय, म्हणान कोणी मोजूक नाय." मग एकदम घाईने, "आता त्याका नाव देव नको हां."

मला तिची दया आली, आणि इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून रागही आला.

दुसऱ्या दिवशी अब्बास म्हणाला, "रकाना कोरा असला तर फाइल बंद होत नाय, जयराम. लिही कायतरी."

पहिलं सुचलं ते लिहिलं: भिवा. आमच्या घराण्यात कुणी भिवा नाही.

आठवड्यात पास आला.

"भाऊ येऊन सही करून गेला, असं साहेब सांगत होता," अब्बास म्हणाला. "तूच गेला असशील." त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी गेलो नव्हतो.

शुक्रवारी बूथमध्ये शिरून दार ओढून घेतलं. आत एकच माणूस जेमतेम मावतो.

"आई, पास मिळालो."

"बरा झाला रे, भिवा."

ते नाव मी तिला सांगितलं नव्हतं.

"आता जयरामाकडे दी फोन."

"आई, मीच जयराम."

पलीकडे ती हसली.

"दोघां एकदम बोलू नकात रे. काय एक समजणा नाय."